मराठी वेबपत्त्यांतील अक्षरे वाटेत मोडू देऊ नका

प्रति,
मराठीतून मजकूर प्रसिद्ध करणारी शासकीय कार्यालये, विद्यापीठे, वृत्तपत्रे आणि साहित्यसंस्था यांच्या संकेतस्थळांचे प्रमुख, तसेच ती संकेतस्थळे बांधून देणारे तंत्रज्ञ यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी तालुक्याच्या ठिकाणच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांना लागणारे मराठी लेख, शासकीय परिपत्रके, अहवाल आणि नियतकालिकांचे जुने अंक आंतरजालावर जिथे उपलब्ध आहेत, तिथल्या दुव्यांची विषयवार सूची राखणे हा माझ्या कामाचा एक भाग आहे. दर सत्राच्या आरंभी मी या सूचीतला एकेक दुवा स्वतः उघडून पाहते, आणि या तपासणीत जे वर्षानुवर्षे आढळत आले आहे ते आपल्यापुढे ठेवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. रोमन अक्षरांतला पत्ता निकामी होतो तेव्हा ते पान बहुधा काढून टाकलेले किंवा हलवलेले असते. देवनागरी अक्षरे असलेला पत्ता निकामी होतो तेव्हा मात्र पान पुष्कळदा जागच्या जागीच असते. त्याच्याकडे नेणारी अक्षरे वाटेत कुठेतरी मोडलेली असतात. पहिल्या प्रकाराबद्दल माझी फारशी तक्रार नाही. दुसरा प्रकार पूर्णपणे टाळता येण्याजोगा आहे, आणि तो टाळण्याचे काम वाचकाचे नसून आपले आहे.

एक प्रसंग सांगते. आमच्या एका विद्यार्थिनीला शिष्यवृत्तीच्या अटींचे परिपत्रक हवे होते. दुवा तिच्याकडे होता, पण तो उघडला की ‘फाइल सापडली नाही’ एवढेच उत्तर येत होते, आणि अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संपणार होती. त्या फाइलचे नाव ‘नियम & अटी #२’ असे ठेवलेले होते आणि हे नाव पत्त्यातील प्रश्नचिन्हानंतरच्या भागात जसेच्या तसे घातलेले होते. पत्त्याच्या त्या भागात & हे चिन्ह एक बाब संपून दुसरी सुरू झाल्याची खूण असते, तर # या चिन्हापुढचा मजकूर ब्राउझर स्वतःपाशीच ठेवतो, तो सर्व्हरकडे, म्हणजे संकेतस्थळ चालवणाऱ्या संगणकाकडे, जातच नाही. त्यामुळे सर्व्हरने ‘नियम’ नावाची फाइल शोधली, आणि तशी फाइल तिथे नव्हती. मी त्या दोन चिन्हांच्या जागी त्यांची सांकेतिक रूपे घालून पत्ता हाताने नव्याने लिहिला, तेव्हा परिपत्रक लगेच उघडले. ते तिथे सुरुवातीपासून होतेच. ज्या विद्यार्थ्याच्या शेजारी असे कोणी बसलेले नसेल, त्याने आपल्या संकेतस्थळाच्या अशा उत्तरावरून काय समजायचे, असा प्रश्न मला तेव्हापासून पडलेला आहे.

यामागचे नियम जुने, स्पष्ट आणि सर्वांना उपलब्ध आहेत. वेबपत्त्याच्या रचनेचे मानक, आरएफसी ३९८६, जानेवारी २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार पत्त्यात कुठेही निर्धास्तपणे वापरता येतील अशी चिन्हे केवळ ६६ आहेत : रोमन लिपीतील लहान-मोठी अक्षरे, दहा अंक, आणि संयोगरेषा, पूर्णबिंदू, अधोरेषा व तरंगरेषा ही चार चिन्हे. आणखी १८ चिन्हे राखीव आहेत; तिरकी रेघ, प्रश्नचिन्ह, #, &, + ही त्यांतलीच, आणि ती पत्त्याचे भाग वेगळे करण्याचे काम करतात. उरलेले सर्व काही, म्हणजे जगातल्या बहुतेक लिप्या आणि साधी मोकळी जागासुद्धा, टक्केचिन्ह आणि त्यापुढे षोडशमान पद्धतीचे (० ते ९ आणि ए ते एफ यांतले) दोन अंक अशा रूपात लिहावे लागते. युनिकोड हे लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणारे मानक आहे, आणि त्यातले मराठीला लागणारे देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या साठवणीच्या रीतीत तीन बाइट घेते आणि प्रत्येक बाइटासाठी पत्त्यात तीन चिन्हे लागतात. म्हणून ‘क’ हे एक अक्षर पत्त्यात ‘%ई०%ए४%९५’ असे नऊ चिन्हांचे होते, आणि काना, मात्रा, पाय मोडण्याचे चिन्ह ही सगळी स्वतंत्र मोजली जात असल्यामुळे ‘महाराष्ट्र’ या एका शब्दाला ९० चिन्हे लागतात. देवनागरी अक्षर असलेल्या एका एसएमएसमध्ये ७० चिन्हे मावतात, हे लक्षात घेतले म्हणजे या लांबीचा अर्थ कळेल.

ही लांबी मला स्वतःला दोष वाटत नाही. ती रोमन वर्णमालेभोवती उभ्या राहिलेल्या जुन्या व्यवस्थेची किंमत आहे, आणि ब्राउझर पत्त्याच्या पट्टीत अक्षरे मराठीतच दाखवत असल्यामुळे ती बहुतेक वेळा वाचकाला जाणवतही नाही. माझी तक्रार हे रूपांतर जिथे अर्धवट, दोनदा किंवा चुकीच्या रीतीने केले जाते त्याबद्दल आहे. मोकळ्या जागेचेच पाहा. पत्त्याच्या मार्गात ती %२० अशी लिहायची असते, तर फॉर्ममधून पाठवलेल्या मजकुरात ती + या चिन्हाने दाखवण्याची रीत आहे. पीएचपी या संकेतस्थळे बांधण्याच्या संगणकभाषेत याच कारणाने ‘यूआरएल-एन्कोड’ आणि ‘रॉ-यूआरएल-एन्कोड’ अशी दोन वेगळी फंक्शन्स, म्हणजे तयार आज्ञा, आहेत, आणि त्यांची अदलाबदल झाली की फाइलच्या नावात नसलेले + चिन्ह पत्त्यात उगवते. आणि + या चिन्हाचे रूपांतर करायचेच राहिले, तर ‘सी++’ ही संगणकभाषा शोधणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती नुसता ‘सी’ लागतो. आधीच सांकेतिक केलेला पत्ता पुन्हा एकदा त्याच यंत्रातून काढला की प्रत्येक टक्केचिन्हाचे %२५ होते आणि पत्ता कायमचा गढूळ होतो. जावास्क्रिप्ट या संगणकभाषेतील ‘एस्केप’ हे कालबाह्य फंक्शन मराठी अक्षराचे ‘%यू०९१५’ असे रूप करते, जे वेबपत्त्याच्या कोणत्याही मानकात बसत नाही; तरीही जुन्या शोधपेट्यांमागे ते अजून भेटते. आणि ‘१००% अनुदान’ अशा अगदी स्वाभाविक नावाच्या फाइलचा पत्ता, त्यातल्या टक्केचिन्हाचे रूपांतर केले नाही तर, अनेक सर्व्हर चुकीची विनंती म्हणून दारातूनच परत पाठवतात.

इथपर्यंतच्या अडचणी सर्व भाषांच्या आहेत. ज्यांच्याकडे मराठी माणसाखेरीज दुसरे कोणी लक्ष देणार नाही, अशा अडचणी यापुढे आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला अधिक सविस्तर लिहायचे आहे.

लेखाच्या शीर्षकावरून पत्त्याचा शेवटचा भाग आपोआप तयार करण्याची सोय आता बहुतेक प्रणालींत असते. तंत्रज्ञ त्याला स्लग म्हणतात. तो तयार करताना ‘अक्षर नसलेले सर्व काही काढून टाका’ असा नियम लावलेला असतो. विरामचिन्हे आणि अवतरणे जावीत हा त्यामागचा हेतू रास्त आहे. परंतु अक्षर कशाला म्हणायचे हे ठरवणारी व्याख्या अनेक ठिकाणी काना, वेलांटी, उकार, मात्रा आणि पाय मोडण्याचे चिन्ह यांना अक्षर मानत नाही, कारण युनिकोडमध्ये ती जोडचिन्हे म्हणून वेगळ्या वर्गात नोंदलेली आहेत. पायथन या संगणकभाषेसोबत येणाऱ्या, मजकुरातील नमुने शोधणाऱ्या रेग्युलर एक्स्प्रेशनच्या साधनाचे वर्तन असेच आहे. परिणामी ‘किल्ला’ या शब्दाचे ‘कलल’ होते. ‘पाणी’ आणि ‘पुणे’ या दोघांचेही ‘पण’ होते, आणि पत्त्यापुरते ते एकच होऊन बसतात. हे पाहून मला केवळ गैरसोय झाल्यासारखे वाटत नाही, दुःख होते. आपण पहिलीतल्या मुलाला बाराखडी शिकवताना जे गिरवून घेतो, तेच या नियमाने कचरा म्हणून झाडून टाकलेले असते, आणि पान प्रसिद्ध करण्यापूर्वी तो पत्ता एकदा वाचून पाहावा असे कोणालाही वाटलेले नसते. काही निरोपांच्या ॲपमध्येही हाच दोष आढळतो : दुवा पहिल्या मात्रेपाशी संपला असे समजून पुढचा भाग साध्या मजकुरासारखा सोडून दिला जातो, आणि वाचक निळ्या अक्षरांवर बोट ठेवून भलत्याच पानावर पोहोचतो.

दुसरी अडचण लांबीच्या मर्यादेची आहे. वर्डप्रेस या संकेतस्थळे चालवण्याच्या प्रणालीच्या डेटाबेसमध्ये स्लगसाठी २०० चिन्हांची जागा ठेवलेली असते आणि तिथे तो सांकेतिक रूपातच साठवला जातो. इंग्रजी शीर्षकाला २०० चिन्हे भरपूर होतात. मराठीत तेवढ्या जागेत काना-मात्रांसह जेमतेम २२ चिन्हे मावतात. ‘सह्याद्रीच्या कुशीतील दुर्लक्षित किल्ले’ असे शीर्षक दिले तर पत्ता ‘सह्याद्रीच्या-कुशीतील-दु’ इथे तुटतो. लेखकाने शीर्षक विचारपूर्वक दिलेले असते. पत्त्यात त्याचे काय उरले आहे हे पाहून तो हाताने नीट करणे संपादकाच्या एका मिनिटाचे काम आहे, आणि मुद्रितशोधनाइतकेच ते आवश्यक मानले गेले पाहिजे. फाइलींच्या नावांनाही अशीच मर्यादा आहे. लिनक्स सर्व्हरवर फाइली साठवण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ईएक्सटी४ या रचनेत नाव २५५ बाइटांपर्यंत असू शकते, म्हणजे देवनागरीची ८५ चिन्हे. परिपत्रकाचा संपूर्ण विषय फाइलीच्या नावात लिहिण्याची आपल्या कार्यालयांतील सवय या मर्यादेवर वारंवार आपटते.

तिसरी अडचण सर्वांत सूक्ष्म आहे आणि ती शोधायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. ‘वऱ्हाड’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र संगणकावर तीन रीतींनी लिहिला जातो. इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘ऱ’ साठी स्वतंत्र जागा आहे, तिने लिहिले तर शब्दात सहा चिन्हे येतात. साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता (अक्षराखालचा बिंदू) अशी फोड केली तर सात चिन्हे येतात. २०१७ मध्ये नवी पद्धत येण्यापूर्वी मॅक संगणकांवर फाइली साठवण्याची जी एचएफएस प्लस ही रचना होती, ती फाइलींची नावे साठवताना हीच फोड करत असे. उच्चारानुसारी टंकलेखनाची काही साधने साधा ‘र’, पाय मोडण्याचे चिन्ह आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे झिरो विड्थ जॉइनर हे चिन्ह घालतात, तेव्हाही चिन्हे सातच होतात, पण वेगळी सात. पडद्यावर आणि कागदावर तिन्ही शब्द सारखेच दिसतात. सर्व्हर मात्र बाइटांची तुलना करतो, आणि त्याच्या दृष्टीने ही तीन वेगळी नावे, तीन वेगळे पत्ते आहेत. कऱ्हा नदीवरचा, कऱ्हाडवरचा, दऱ्याखोऱ्यांवरचा, शेतकऱ्यांवरचा कोणताही लेख या फेऱ्यात सापडू शकतो, आणि शेतकऱ्यांविषयी आपल्या शासकीय संकेतस्थळांवर किती पाने असतील याचा विचार आपणच करावा.

युनिकोडमध्ये अशा रूपांना एकरूप करण्याची व्यवस्था आहे. एनएफसी नावाचे सामान्यीकरण केले तर पहिली दोन रूपे एक होतात. तिसरे रूप मात्र त्यात बसत नाही, कारण युनिकोडने ते पहिल्या दोघांशी समतुल्य मानलेले नाही. त्यासाठी मराठीपुरता वेगळा नियम तंत्रज्ञानेच लिहावा लागतो. कोणी घाईघाईने सर्व अदृश्य चिन्हे सरसकट काढून टाकली तर ‘वर्हाड’ असा रफार हकारावर चढलेला शब्द उरतो, जो मराठीत अशुद्ध आहे. म्हणून अदृश्य चिन्ह काढण्याआधी त्याच्या मागचा ‘र’ बदलून ‘ऱ’ करणे, हाच क्रम योग्य आहे. ‘ॲ’ या अक्षराची कथा अशीच आहे. ते स्वतंत्र चिन्ह म्हणून २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधी लोक ‘अ’ वर चंद्र चढवून ते लिहीत, आजही अनेक जण तसेच लिहितात, आणि ही दोन्ही रूपेही सामान्यीकरणाने एक होत नाहीत. ॲल्युमिनियमपासून ॲलोपॅथीपर्यंत किती शब्दांचे पत्ते यात दुभंगतात, हे मी माझ्या सूचीत पाहिले आहे.

संकेतस्थळाच्या मूळ नावाबद्दल इथे थोडक्यातच लिहिते, कारण तिथली व्यवस्था वेगळी आहे आणि तुलनेने बरी आहे. देवनागरीतील .भारत हे क्षेत्रनाव २७ ऑगस्ट २०१४ पासून उपलब्ध आहे आणि ते पुनीकोड नावाच्या निराळ्या पद्धतीने सांकेतिक होते. पत्त्याचे हे दोन भाग दोन वेगळ्या नियमांनी चालतात, एकाचा नियम दुसऱ्याला लावू नये, एवढेच तंत्रज्ञांनी ध्यानात ठेवावे.

या सर्वांवर एक उपाय मला नेहमी सुचवला जातो : पत्ते सरळ रोमन अक्षरांत ठेवा, म्हणजे कटकटच नको. मी या उपायाच्या विरोधात आहे, आणि त्याचे कारण केवळ अभिमान नाही. मराठी रोमनमध्ये लिहिण्याची एकच सर्वमान्य रीत व्यवहारात नाही. एकाच शब्दाचे चार कर्मचारी चार प्रकारे लेखन करतात. रूढ रोमन लेखनात ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ण’ आणि ‘न’ यांतला भेद नाहीसा होतो, म्हणून ‘वेळ’ आणि ‘वेल’, ‘माळ’ आणि ‘माल’ हे पत्त्यात एकच होतात. म्हणजे काना-मात्रा झाडणाऱ्या यंत्राने जे केले तेच आपण हाताने करणार. शिवाय वाचक पत्ता वाचतो. दुवा उघडण्याआधी तो कुठे नेतो हे त्याला स्वतःच्या लिपीत समजणे हा विश्वासाचा भाग आहे, आणि ज्या राज्याची राजभाषा १९६४ च्या अधिनियमाने मराठी ठरली आहे, तिथल्या सार्वजनिक कागदपत्रांच्या बाबतीत तरी ती अपेक्षा रास्त मानली जावी.

योग्य मार्ग आपल्यासमोर आहेतच. मराठी विकिपीडिया २००३ पासून देवनागरी शीर्षकांचेच पत्ते वापरत आला आहे. त्यामागची मीडियाविकी ही प्रणाली आत येणाऱ्या मजकुराचे एनएफसी सामान्यीकरण करते, मोकळ्या जागेच्या ठिकाणी अधोरेषा घालते, आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या फरकाने किंवा जुन्या नावाने येणाऱ्या वाचकासाठी संपादक पुनर्निर्देशनाचे पान करून ठेवू शकतात. प्रत्येक पानाला त्याचा स्वतंत्र क्रमांकही असतो. दुसरे उदाहरण आपल्या घरचे आहे : महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयांच्या अखेरीस १८ अंकी संगणक संकेतांक छापलेला असतो. विषयाचे शब्द कसेही लिहिले गेले तरी त्या अंकांवरून निर्णय सापडतो, आणि एक ग्रंथपाल म्हणून मला ही पद्धत फार मोलाची वाटते.

या दोन्हींचा मेळ घालावा, अशी माझी विनंती आहे. पत्त्यात एक कायमचा क्रमांक असावा आणि त्यापुढे वाचकासाठी मराठी शब्द असावेत. सर्व्हरने पान क्रमांकावरून शोधावे आणि शब्द चुकले, तुटले किंवा मुळीच आले नाहीत तरी वाचकाला योग्य पत्त्यावर नेऊन सोडावे. क्रमांकापुरताच छोटा पत्ता छापील जाहिरातीत, एसएमएसमध्ये आणि क्यूआर कोडमध्ये द्यावा, कारण लांबलचक पत्त्याचा कोड इतका दाट होतो की भिंतीवरच्या फलकावरून तो साध्या फोनला नीट वाचता येत नाही. फाइल चढवली जाते त्याच क्षणी तिच्या नावातील मराठीचे सामान्यीकरण करावे, आणि #, &, %, ? ही चिन्हे फाइलीच्या नावात स्वीकारूच नयेत; ‘आणि’ हा शब्द & पेक्षा कमी सोयीचा नाही. सांकेतिक रूपांतर पत्ता तयार होताना एकदाच करावे, आणि ते हाताने अक्षरे बदलून न करता त्या त्या संगणकभाषेतील मानक फंक्शनने, पत्त्याचा कोणता भाग आहे हे पाहून करावे. संकेतस्थळ नव्याने बांधले जाते तेव्हा जुने पत्ते नव्या पत्त्यांकडे कायमस्वरूपी वळवलेले असल्याशिवाय कंत्राटदाराचे शेवटचे देयक मंजूर करू नये. हे शेवटचे वाक्य कठोर वाटेल, पण माझ्या सूचीतील सर्वांत मोठी पडझड दरवेळी नव्या संकेतस्थळाच्या उद्‌घाटनानंतरच्या आठवड्यात झालेली आहे.

प्रबंध आणि पुस्तके छापणाऱ्यांसाठीही एक गोष्ट सांगायची आहे. संदर्भात दिलेला मराठी पत्ता टंकलेखनाच्या साधनाने परस्पर बदलला जातो : सरळ संयोगरेषेची लांब रेघ होते, सरळ अवतरणांची वळणदार होतात, आणि मराठी कळफलकावरून टंकणारा माणूस अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग टंकतो, जो डोळ्यांना तसाच दिसतो. आमच्याकडे एक प्रबंध असा आहे की त्यातला एकही देवनागरी दुवा छापील पानावरून पुन्हा टंकून उघडत नाही. त्या संशोधकाने प्रामाणिकपणे काम केले होते. परीक्षकाला मात्र त्याचा एकही आंतरजालीय आधार पडताळून पाहता आला नसता.

आपल्या संकेतस्थळाची परीक्षा घ्यायची असेल तर फार साधने लागत नाहीत. ‘वऱ्हाड’ हा शब्द वर सांगितलेल्या तिन्ही रीतींनी, ‘ॲल्युमिनियम’ दोन्ही रीतींनी, ‘पाणी’ आणि ‘पुणे’ शेजारीशेजारी, ‘नियम & अटी #२’, ‘१००% अनुदान’, ‘सी++’ आणि साठ-सत्तर चिन्हांचे एक मराठी शीर्षक, एवढी नावे देऊन पाने आणि फाइली तयार कराव्यात, त्यांचे दुवे फोनवरून एकमेकांना पाठवावेत, आणि दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावेत. एका दुपारचे काम आहे. ही यादी संकेतस्थळ ताब्यात घेतानाच्या तपासणीत कायमची समाविष्ट करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपल्यापैकी जी संस्था मागेल तिला, माझ्या सूचीतील तिचे मोडलेले दुवे, ते कोणत्या अक्षरापाशी मोडले आहेत या नोंदीसह, मी आनंदाने पाठवीन. त्यातला जो जो दुवा आपण दुरुस्त कराल, तो पुढच्या सत्राच्या आरंभी मी पुन्हा उघडून पाहीन.

कळावे,

आपली विश्वासू,
एक महाविद्यालयीन ग्रंथपाल